शिशाच्या पट्ट्या आणि उलटा आलेख : बडोद्यातील एका वहीचा प्रकरण अभ्यास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आला आणि त्याने लॅपटॉप उघडून एक आलेख माझ्यापुढे ठेवला. आडव्या अक्षावर घोड्याने शर्यतीत वाहिलेले वजन होते, उभ्या अक्षावर त्याचा क्रमांक होता, आणि ठिपक्यांमधून काढलेली रेषा सांगत होती की पाठीवरचे वजन जितके जास्त, तितका घोडा पुढे. "मावशी, आजोबा जन्मभर म्हणत आले की वजनाने घोडा बसतो, मागे पडतो. त्यांच्याच वहीतून उलटं निघालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, थोडी खंतच होती. आजोबांचा शब्द खोटा ठरावा असे त्याला वाटत नव्हते.

मी पस्तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले आहे, आणि ती वही माझ्या वडिलांची आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा होता. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी मिळून त्या आलेखाची जी तपासणी केली, तिची ही सविस्तर नोंद आहे. शर्यतीच्या घोड्यावर वजनाचा परिणाम होतो का, हा प्रश्न वरवर साधा दिसतो; पण नोंदींमधून त्याचे उत्तर काढायला बसले की तो सतत हातातून निसटतो, आणि तो कसा निसटतो हे समजणे मला उत्तराइतकेच मोलाचे वाटते.

वही आणि तिची पार्श्वभूमी

वडील बडोदा संस्थानच्या पागेत कारकून होते. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या काळात बडोद्याचे नाव शर्यतींच्या जगात फार मोठे झाले होते. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. १९४५ मध्ये महाराजांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. एवढी किंमत त्या वयाच्या घोड्याला तिथे तोवर कोणी दिली नव्हती. त्याचे नाव ठेवले सयाजीराव. त्याच वर्षीची इंग्लंडची डर्बी जिंकणाऱ्या दांते या घोड्याचा तो सख्खा भाऊ. १९४७ साली सयाजीरावाने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर ही शर्यतही जिंकली, तीही अवघ्या एका मुंडीच्या फरकाने. पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ते दिवस हळूहळू संपले.

वडील इंग्लंडला कधी गेले नाहीत. त्यांचे काम पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला घोड्यांबरोबर जाण्याचे, दाणा-वैरणीचा आणि मोतद्दारांच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या, पगाराचा हिशोब ठेवण्याचे. वही मात्र त्यांनी स्वतःच्या हौसेने ठेवली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट जमाखर्चाची वही, तिच्यात रुपये-आणे-पैच्या रकान्यांवरच शर्यतींची नोंद: घोड्याचे नाव, पल्ला, वजन, क्रमांक, पुढच्या घोड्यापासून किती लांब्यांनी मागे (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढे अंतर), आणि शेवटी एक अरुंद रकाना, ज्यात अधूनमधून एखादाच शब्द. त्या अरुंद रकान्याकडे पुढे यावे लागेल.

वहीबरोबर त्यांनी जपलेली एक शिशाची पट्टीही घरात आहे. तळहाताइतकी लांब, दोन बोटे रुंद, करंगळीइतकी जाड. जॉकी शर्यतीआधी आपल्या खोगिरासह वजनकाट्यावर बसतो. ठरलेल्या वजनापेक्षा तो हलका भरला, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत अशा पट्ट्या घालून वजन पुरे करतात, आणि शर्यत संपल्यावर त्याला पुन्हा काट्यावर बसावे लागते. भाच्याने ती पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काट्याने ४५० ग्रॅम दाखवले, म्हणजे जवळजवळ एक पौंड. साधारण ५०० किलोच्या जनावराला हे एवढेसे शिसे जाणवत असेल, यावर त्याचा विश्वास बसेना, आणि त्याचे ते आश्चर्य मला पूर्णपणे रास्त वाटले.

पहिली चूक : टिंब

मी आधी आलेख बाजूला ठेवला आणि मूळ तक्ता मागितला. आकडेवारीचे कोणतेही प्रकरण हाती आले की निष्कर्षाआधी नोंद तपासावी, ही सवय मी विद्यार्थ्यांना लावत आले, आणि इथे तिचा उपयोग पहिल्या दहा मिनिटांत झाला.

त्या काळी वजन स्टोन आणि पौंडांत लिहीत. १४ पौंडांचा एक स्टोन. वडिलांनी "८-४" लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ८ स्टोन ४ पौंड, म्हणजे ११६ पौंड किंवा ५२.६ किलो. भाच्याने "८-४" एक्सेलमध्ये भरले, तेव्हा एक्सेलने त्याची ८ एप्रिल ही तारीख केली. हे टाळण्यासाठी त्याने सगळ्या आडव्या रेघांच्या जागी टिंब दिले. आता "८-४" चे ८.४ झाले, ते दिसायला ठीक. पण "८-१०" चे ८.१० झाले आणि एक्सेलने शेवटचे शून्य गाळून ते ८.१ केले. वास्तविक ८-१ म्हणजे ११३ पौंड आणि ८-१० म्हणजे १२२ पौंड. या दोहोंतला ९ पौंडांचा, म्हणजे चार किलोंचा फरक एका टिंबाने पुसला गेला. ८-१३ तर ८-२ पेक्षा हलके ठरले. संपूर्ण तक्त्यात वजनांचा क्रम ठिकठिकाणी उलटापालटा झाला होता.

भाचा खजील झाला. मी त्याला सांगितले की यात खजील होण्यासारखे काही नाही, मात्र सगळी वजने पुन्हा पौंडांत भरावी लागतील. त्याने दोन रात्री बसून ती भरली. आम्हा दोघांनाही वाटत होते की आता रेषा सरळ होईल आणि वडिलांचे म्हणणे खरे ठरेल. तसे झाले नाही. ठिपक्यांची पांगापांग कमी झाली, पण रेषेची दिशा तीच राहिली आणि आधीपेक्षा ठळक झाली: अधिक वजनाचे घोडे अधिक पुढे. म्हणजे आलेख उलटा होता तो टिंबाच्या चुकीमुळे नव्हे.

हे वजन कोणी आणि कशासाठी ठेवले

वहीतल्या बहुतेक शर्यती हँडिकॅप प्रकारच्या आहेत, आणि उत्तराचा मोठा भाग या एका शब्दात आहे. हँडिकॅप शर्यतीत हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याची आजवरची कामगिरी पाहून त्याला वजन नेमून देतो. चांगल्या घोड्याला जास्त, साध्या घोड्याला कमी. हेतू हा की सगळे एकाच वेळी खांबापाशी पोहोचावेत. इंग्लंडमध्ये अॅडमिरल रूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या कामाला शिस्त आणली आणि घोड्याच्या वयानुसार वजनाची कोष्टके तयार केली. त्या विचाराची परंपरा आजही जगभर चालू आहे, आपल्याकडे मुंबई-पुण्यातही.

याचा अर्थ असा की वहीतले वजन दैवयोगाने कुणाच्या पाठीवर पडलेले नाही. ते घोड्याच्या गुणवत्तेवरून ठरले आहे. घोड्याची गुणपत्रिकाच जणू शिशात ओतून त्याच्या पाठीवर बांधली आहे. आलेखाच्या आडव्या अक्षावर आपण "वजन" असे लिहिले, तरी तिथे एकाच वेळी दोन गोष्टी बसल्या आहेत, एक ओझे आणि दुसरी घोड्याची कुवत. ओझे त्याला मागे ओढते, कुवत पुढे नेते, आणि रेषेत दिसते ती या दोहोंची बेरीज.

भाच्याला हे पटवण्यासाठी मी एक काल्पनिक उदाहरण मांडले. समजा, एक मैलाच्या शर्यतीत समान वजन असताना पहिला घोडा दुसऱ्यापेक्षा चार लांब्यांनी चांगला आहे. शर्यतवाल्यांचा जुना ठोकताळा असा आहे की मैलाला सुमारे २ पौंड म्हणजे एक लांबी. तेव्हा हँडिकॅपरने पहिल्या घोड्याला ८ पौंड जास्त दिले, तर दोघे बरोबरीत यावेत. पण हँडिकॅपर सावध माणूस असतो. त्याच्या हाती थोड्याच शर्यतींचा पुरावा असतो, आणि वजनाला वरून व खालून मर्यादाही असतात. त्याने ६ पौंडच जास्त दिले, तर पहिला घोडा अजूनही एका लांबीने जिंकतो. आता ही शर्यत वहीत कशी दिसेल? जास्त वजनाचा घोडा पुढे. वजनाने त्याच्या तीन लांब्या खाल्ल्या, हे मात्र वहीत कुठेच दिसणार नाही, कारण त्या तीन लांब्या कोणी पाहिल्याच नाहीत.

यापुढची पायरी अधिक विलक्षण आहे, आणि ती समजायला भाच्याला एक पूर्ण संध्याकाळ लागली. हँडिकॅपरने आपले काम निर्दोष केले असते, तर वजन आणि क्रमांक यांत काहीच संबंध दिसला नसता. रेषा अगदी आडवी आली असती. वरवर पाहणाऱ्याने "वजनाचा परिणाम शून्य" असा निष्कर्ष काढला असता. प्रत्यक्षात आडवी रेषा याचाच पुरावा ठरली असती की वजन काम करते, आणि इतके चोख करते की चांगल्या घोड्याचा सगळा वरचढपणा त्याने पुसून टाकला. उलट, वजनाला काहीच अर्थ नसता, तर हँडिकॅप शर्यतींतही चांगला घोडा समान वजनाच्या शर्यतीइतक्याच सहज जिंकत राहिला असता.

समान वजनाच्या शर्यतींची एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सयाजीरावाने जिंकलेली सेंट लेजर ही तशी शर्यत होती. तिथे सगळ्या नर घोड्यांना ९ स्टोन, म्हणजे ५७ किलो, आणि घोडींना ठरलेली थोडी सूट. घोड्याच्या कुवतीबद्दल ती शर्यत पुष्कळ सांगते, वजनाच्या परिणामाबद्दल काहीही सांगत नाही. भाच्याने त्या प्रकारच्या शर्यतीही तक्त्यात मिसळल्या होत्या. त्या वेगळ्या काढल्या.

मग एकच घोडा स्वतःशी ताडून पाहिला तर?

भाच्याचा पुढचा प्रश्न योग्य होता. घोड्या-घोड्यांची कुवत वेगळी म्हणून घोटाळा होत असेल, तर एकच घोडा वेगवेगळ्या वजनांखाली कसा धावला ते पाहू. त्याने वहीतून तशा जोड्या काढल्या, आणि आता चित्र पालटले: वजन वाढले की तोच घोडा मागे पडत होता, आणि बराच मागे पडत होता. तो आनंदला. मला मात्र तेवढ्याच जोराने त्याला थांबवावे लागले.

घोड्याचे वजन वाढते केव्हा? तो जिंकल्यावर. आणि घोडा जिंकतो तो बहुधा त्याच्या चांगल्या दिवशी, जेव्हा तब्येत, मैदान, जॉकी, जागा, सगळेच जुळून आलेले असते. पुढच्या वेळी हे सारे तितके जुळेलच असे नाही. वजन तेच ठेवले असते, तरी तो थोडा मागे आला असता. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आई-वडिलांची आणि मुलांची उंची मोजून हीच गोष्ट दाखवली होती: फार उंच आई-वडिलांची मुले सरासरीकडे झुकतात. विजयानंतरची घसरण सगळीच्या सगळी शिशाच्या खात्यावर लिहिली, तर शिशावर अन्याय होतो. म्हणजे घोड्या-घोड्यांतील तुलना वजनाचा परिणाम लपवते, आणि एकाच घोड्याची आधी-नंतरची तुलना तो फुगवते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो.

या दोन्ही खोड्या एकाच घोड्यात पाहायच्या असतील, तर फार लॅपचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हा घोडा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपच्या दोन मैलांच्या हँडिकॅप शर्यतीत तीन वर्षे लागोपाठ धावला. १९२९ साली, तीन वर्षांचा असताना, त्याच्या पाठीवर ७ स्टोन ६ पौंड होते, म्हणजे ४७ किलो. तो तिसरा आला. १९३० साली ९ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ६२.६ किलो, तो जिंकला, आणि तोही तीन लांब्यांनी. १९३१ साली १० स्टोन १० पौंड, म्हणजे ६८ किलो. तो आठवा आला, आणि जिंकलेल्या व्हाइट नोजच्या पाठीवर फक्त ६ स्टोन १२ पौंड होते. दोघांच्या ओझ्यात ५४ पौंडांचे, जवळजवळ साडेचोवीस किलोंचे अंतर.

आता यातली पहिली दोनच वर्षे घेतली, तर वजन पंधरा किलोंनी वाढल्यावर घोडा तिसऱ्याचा पहिला झाला असे दिसते. त्याचे कारण उघड आहे. तीन वर्षांचे अपुरे वाढलेले शिंगरू आणि चार वर्षांचा भरलेला घोडा एक नव्हे. कुवत वाढली म्हणूनच तर वजन वाढले. शेवटची दोन वर्षे घेतली, तर साडेपाच किलोंनी अजिंक्य घोडा आठवा झाला असे दिसते. पण १९३० चा तो हंगाम त्याच्या आयुष्यातला कळस होता आणि कळसावरून कोणीही खालीच येतो. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्यांतून वजनाचा शुद्ध परिणाम मात्र कोणालाही काढता येणार नाही. वजनाला अर्थ नाही असे म्हणणारे १८९० च्या कार्बाइन या घोड्याचे उदाहरण हमखास देतात. त्याने ३९ घोड्यांच्या मेलबर्न कपमध्ये १० स्टोन ५ पौंड घेऊन विक्रमी वेळेत शर्यत जिंकली. त्यावरून कार्बाइन किती थोर होता हे कळते. हलक्या वजनाने तो आणखी किती पुढे गेला असता, हे कळत नाही.

घोड्याच्या अंगाकडून विचारले तर

नोंदींनी एवढी झुंज दिल्यावर आम्ही प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. शरीरशास्त्र काय सांगते? १९८० साली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर, कुत्रे, माणसे आणि घोडे यांना पाठीवर ओझे देऊन पळवले आणि त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला. वेग तोच ठेवला, तर खर्च ओझ्याच्या प्रमाणात वाढतो असे आढळले: शरीराच्या वजनाच्या दहा टक्के ओझे, तर दहा टक्के अधिक प्राणवायू.

यावरून भाच्याने कागदावर एक ढोबळ हिशोब मांडला, आणि तो मला इतका आवडला की इथे जसाच्या तसा देते. घोडा ५०० किलो, जॉकी-खोगीर ५५ किलो, एकूण ५५५. त्यात एक किलो वाढला म्हणजे ०.१८ टक्के. घोड्याची ताकद तेवढीच राहिली आणि वेग त्याच प्रमाणात घटला असे मानले, तर १,००० मीटरांत तो १.८ मीटर मागे पडेल, १,६०० मीटरांत २.९ मीटर आणि २,४०० मीटरांत ४.३ मीटर. घोड्याची एक लांबी सुमारे २.४ मीटर धरली, तर हे अनुक्रमे पाऊण लांबी, सव्वा लांबीच्या आतबाहेर आणि पावणेदोन लांब्या होतात.

आता शर्यतवाल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा पाहा: पाच फर्लांगांना, म्हणजे साधारण १,००० मीटरांना, ३ पौंडांची एक लांबी, मैलाला २ पौंडांची, दीड मैलाला सुमारे दीड पौंडाची. एका किलोला हे पाऊण, १.१ व दीड लांबी इतके येते. ज्यांनी प्राणवायूचे यंत्र कधी पाहिले नाही, त्यांनी केवळ डोळ्यांनी आणि वह्यांनी जो आकडा धरला, तो प्रयोगशाळेतून निघालेल्या हिशोबाच्या इतका शेजारी बसावा, याने मी खरोखर हेलावून गेले. वडिलांच्या पिढीतल्या माणसांच्या नजरेबद्दल माझा आदर त्या संध्याकाळी वाढला. अर्थात हा हिशोब ढोबळच आहे. शर्यतीतला घोडा काही अंशी प्राणवायूच्या उधारीवर धावतो, आणि मैदानाचा, वळणांचा, जॉकीच्या चालीचा यात विचार नाही.

ओझे किती, याबरोबर ते कसे वाहिले जाते हेही महत्त्वाचे आहे. २००९ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले की १९०० च्या सुमारास जॉकींनी सरळ बसणे सोडून रिकिबी आखडून पुढे ओणवे राहण्याची बैठक स्वीकारली, तेव्हा शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. या बैठकीत जॉकीचे पाय स्प्रिंगसारखे काम करतात. घोडा त्याचा भार पेलतो, पण प्रत्येक टापेबरोबर त्याला वरखाली आणि मागेपुढे हलवावे लागत नाही. किलोमागे ०.१८ टक्क्यांच्या शेजारी हे ५ टक्के ठेवले, म्हणजे कळते की नुसता काट्यावरचा आकडा पुरेसा नाही. यावरून मला असे वाटते की खिशातले शिसे आणि तेवढ्याच वजनाचा जॉकी हे घोड्याला अगदी एकसारखे नसावेत, कारण शिशाला पाय नसतात. ते घोड्याबरोबर जसे हलेल तसे हलते. शिसे निदान अंगाशी घट्ट आणि बरोबर मध्यावर बसते, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे, आणि त्यातही तथ्य आहे.

अरुंद रकाना

आता वहीतल्या शेवटच्या रकान्याकडे येते. भाच्याने तो तक्त्यात घेतलाच नव्हता, कारण त्यातले शब्द त्याला निरर्थक वाटले. बहुतेक जागा कोऱ्या, कुठे "शिक.", कुठे "१ जादा", "२ जादा". त्याला वाटले, जादा म्हणजे बक्षिसाची जादा रक्कम असेल.

मी ते वाचले आणि क्षणभर काही बोलू शकले नाही. "शिक." म्हणजे शिकाऊ जॉकी, त्याच्या अननुभवापोटी घोड्याला वजनात सूट मिळते. आणि "२ जादा" म्हणजे जॉकी नेमलेल्या वजनापर्यंत उतरू शकला नाही, त्यामुळे घोड्याने त्या दिवशी हँडिकॅपरने सांगितल्यापेक्षा २ पौंड जास्त वाहिले. हा जादा भार घोड्याची कुवत पाहून कोणी ठरवलेला नव्हता. जॉकीचे जेवण, त्याचा बांधा, आदल्या दिवशीची घाम काढण्याची धडपड, यांवरून तो ठरला होता. ज्या वजनाचा घोड्याच्या गुणवत्तेशी संबंध नाही, असेच वजन आम्ही दोन महिने शोधत होतो, आणि वडिलांनी ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी शेवटच्या रकान्यात लिहून ठेवले होते.

शिकाऊ जॉकीची सूट तितकी स्वच्छ नाही. घोड्याच्या पाठीवरून काही पौंड उतरतात खरे, पण त्याबरोबर अनुभवही उतरतो, आणि कोणत्या घोड्यावर शिकाऊ मुलगा बसवायचा हे प्रशिक्षक विचार करून ठरवतो. म्हणून "शिक." लिहिलेल्या नोंदी आम्ही वेगळ्या ठेवल्या आणि त्यांवर भिस्त ठेवली नाही. "जादा"च्या नोंदीतही एक बारीक शंका उरते: मोठ्या अनुभवी जॉकीसाठीच मालक एखादा पौंड जास्त सोसायला तयार होतो, तेव्हा जादा वजनाबरोबर चांगला हातही येत असेल. तरीही उपलब्ध पुराव्यांत हा सर्वांत प्रामाणिक.

आणखी एक वाट आहे, जी वहीत नाही पण शर्यतींच्या नोंदींत शोधता येते. हँडिकॅपमध्ये वजनाला खालची मर्यादा असते. समजा, हिशोबाने एखाद्या घोड्याला ६ स्टोन ८ पौंड मिळायला हवेत, पण किमान वजन ७ स्टोन आहे. तर त्याला कुवतीपेक्षा ६ पौंड जास्त घेऊन धावावे लागते. असे मर्यादेखालचे घोडे आणि मर्यादेच्या जरा वरचे घोडे यांची तुलना केली, तर हँडिकॅपरचा हात मध्ये येत नाही.

"जादा"च्या नोंदी वहीत थोड्या आहेत. त्यांत घोडा अपेक्षेपेक्षा मागे राहण्याकडे कल दिसतो, पण एक-दोन पौंड म्हणजे मैलाला अर्धी ते एक लांबी, आणि एवढा फरक तर घोड्याच्या रोजच्या चढउतारातच बुडून जातो. तो वेगळा काढायला शेकड्यांनी नोंदी लागतील. भाच्याला आकडा हवा होता. मी तो देण्यास नकार दिला. त्याने विचारले, "मग आजोबांचं खरं की खोटं?" मी सांगितले की वजन घोड्याला मागे ओढते, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही, शरीरशास्त्र, जुना ठोकताळा आणि हँडिकॅपची सगळी रचना एकाच दिशेने बोट दाखवतात. मात्र एका किलोचे मोल एखाद-दोन लांब्यांचे आहे, आणि चांगल्या-साध्या घोड्यांतले अंतर त्याहून पुष्कळ मोठे असते, म्हणून वजन वाहूनही चांगला घोडा पुढे दिसतो. "वजनाने घोडा बसतो" हे वडिलांचे वाक्य पागेतल्या माणसांच्या बोलण्यातले होते. त्यांना अभिप्रेत होते ते एकाच घोड्याचे, बाकी सर्व सारखे असतानाचे.

भाच्याने जुना आलेख तसाच जपून ठेवला आहे. नव्या तक्त्यात त्याने वजनाचा एक रकाना मोडून तीन केले आहेत: हँडिकॅपरने नेमलेले, शिकाऊ म्हणून कमी झालेले, आणि जादा. तिसरा रकाना भरताना वहीतली अक्षरे पुसट झाल्यामुळे काही ठिकाणी १ आहे की २ हे लागत नाही. तो फोटो काढून मला पाठवतो, आणि मी वडिलांच्या इतर हिशोबांतले १ आणि २ पाहून त्याला कळवते. अजून चौदा पाने राहिली आहेत.